दातातला पेचकस

तुमची नखं शेवटपर्यंत निघाली न्हाईत. भाऊबंदांनी आंघोळ घातली, अंगाला साबन लावला, तोंड पुसलं, आन हात तसंच काळं ठिवलं. मी म्हनले, थांबा. राखुंडी आनली, काथ्या आनला, रॉकेल तर आता मिळत न्हाई, म्हनून तुमच्याच डब्यातलं पेट्रोल फडक्यावर घेतलं आन एकेक बोट घासत बसले. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. नामदेव भावजी म्हनले, "वैनी, ऱ्हाऊ द्या आता. वरती कोन नखं बघत न्हाई." मी घासतच हुते. चार बोटं उजळली. अंगठ्याचं नख गेलं न्हाई ते न्हाईच. तीस वर्सांचं वंगन ते. पेट्रोलचा आन उदबत्तीचा वास एकदम नाकात गेला आन मी पदर तोंडाला दाबला. बायांना वाटलं मला हुंदका आला, म्हनून दोघींनी धरलं. हुंदका नव्हता. मला वकारी आल्ती.

शाली लिहून घेतीय हे. तिला सांगितलंय, गोड करू नको. बाप गेला म्हनून त्याला साखर लावायची न्हाई.

मला तुमच्या कामाची किळस हुती. तुमच्या तोंडावर लई येळा सांगितली, पन तुमच्या डाव्या कानाला ऐकूच येत न्हाई आन उजव्याला पायजे तेवढंच येतं. नागापूरच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या मशीनीवर नऊ वर्सं उभं ऱ्हायलात, कान तिथं ठिवून आलात. त्याच्या आधी आठ सीझन आपन ऊस तोडला. मी मोळी बांधायची, तुमी तोडायचं, आन दुपारच्याला मी भाकऱ्या थापायची तवा तुमी कुनाच्यातरी ट्रॅक्टरखाली पाय बाहेर काढून पडलेलं असायचं. तिथंच शिकलात. बाकीची मानसं झाडाखाली झोपायची, तुमी ट्रॅक्टरखाली. मला तवाच कळाय पायजे हुतं.

घरावर पत्रे यायचं हुतं त्या सालाला जीप आली. मिलिटरीच्या लिलावातली. हिरवी, टप नसलेली, एका चाकाला हवा न्हाई, सीटवर उंदरांचं घर. ट्रॅक्टरला बांधून वढत आनली तुमी, आन वर ताठ बसून आलात, जसं काय नवरदेव. मी दारात पानी घेऊन उभी. पायावर पानी घालायचं सोडून तुमी म्हनलात, "हिच्यावर घाल आधी." मी तांब्या आत नेला.

तवापासनं माझं घर घर ऱ्हायलं न्हाई. ऊसतोडीवरनं जपून आनलेल्या पितळी परातीत तुमी गियरचं दात धुतलं. दूध तापवायच्या पातेल्यात कार्बोरेटर उकळला. लोनच्याच्या बरनीत नट ठिवलं आन बाहेरनं पुसून फळीवर ठिवून दिली, मी त्यात कैऱ्या भरल्या, आन तुमच्या थोरल्या भनीच्या दाताखाली नट आला. बॅटरी पलंगाखाली, तिच्या तेजाबानं माझी गोधडी जाळीवानी झाली. तुळशीपाशी काळं तेल वतलं, कोंबड्यांनी त्यात पाय घातलं आन तेच पाय सारवलेल्या वट्यावर उठवलं. माझी बरी बरी लुगडी फाडून फडकी केलीत. आन तुमी नळीला तोंड लावून पेट्रोल वढायचात, चूळ थुकायचात आन तसंच येऊन भाकरीला हात घालायचात. तीस वर्सं मी भाकरी खाल्ली तिला पेट्रोलचा वास हुता. आता येत न्हाई. मला भाकरी बेचव लागतीय, ह्याचा मला लई राग हाय.

आन तो पेचकस, स्क्रू पिळायचा. हातभर लांब, लाकडी मुठीचा. जीप चालू करायची, पेचकसाचं टोक इंजनाला टेकवायचं आन मूठ दातात धरायची. कानानं ऐकू येत न्हाई तर दातानं ऐकायचं. त्या मुठीवर तेल, तंबाखू, थुंकी, सगळं मुरलेलं. दात खडखडायचं, डोळं मिटायचं, लाळ गळायची हनुवटीवरनं. लोकं बघाय उभी ऱ्हायची. मी तोंड फिरवायची.

पन दातानं तुमाला निम्मंच कळायचं. थरथर कळायची, आवाज न्हाई. मग हाक यायची, "शालीची आई, ये गं, ऐक." मी हातातलं टाकून यायची. पदर डोक्यावरनं काढून एक कान मोकळा करायची आन वाकायची. तुमी इचारायचात, कसा येतोय. मला तुमच्या वस्तूंची नावं कुठं येत हुती. मी म्हनायची, हरभरं फुटान्याच्या कढईत उडत्यात तसा. तुमी म्हनायचात, टॅपेट. मी म्हनायची, जात्यात खडा आलाय. तुमी म्हनायचात, बेरिंग. म्हातारी झोपेत दात खाती तसा, म्हनले, तर तुमी गियरबॉक्सच खाली उतरवला, आन खरंच तिथं निघालं. असं आपलं चालायचं. मी सांगायची, तुमी वळखायचात. आन चार गावची मानसं आपापल्या जुन्या जीपा घेऊन आली की तुमी छाती काढून सांगायचात, "मी गाडी आवाजावर वळखतो." मी च्या घेऊन तिथंच उभी. एकदा बी म्हनला न्हाईत, आवाज ही ऐकती. मी कप खाली ठिवून आत जायची. तीस वर्सं माझा कान तुमी वापरला आन परातीसारखाच नासवला.

एकदाच बोललात. शालीच्या पयल्या बाळंतपनाला. ती माहेराला आल्ती, दिस भरलं, सकाळीच कळा सुरू झाल्या. नगरला न्यायचं म्हनून जीपमधी घातली, मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन. करंजीच्या घाटात निम्म्यावर पेट्रोलचा वास आला आन जीप बंद. टाकीकडनं इंजनाच्या पंपाकडं जानारी रबरी नळी चिरली हुती, पेट्रोल रस्त्यावर गळतंय. तुमी खाली उतरून नुसतं बघत ऱ्हायलात. जीपमधी मागं आपला फवारनीचा पंप पडला हुता, आदल्या दिवशी तुरीवर मारलेला. मी शालीचं डोकं पिशवीवर ठिवलं, इळ्यानं त्या पंपाची नळी कापली, पान्यानं धुतली, तुमाला बाजूला सारलं आन बसवली. दोन्हीकडनं बारीक तार पिळून आवळली. तुमी फक्त म्हनलात, "बसंल का?" मी म्हनले, हँडल मारा. बसली.

वर घाटमाथ्याला च्याची टपरी हाय, तिथं घोटभर पानी घ्याय थांबलो तवा तुमी त्या टपरीवाल्याला सांगितलं, "नळी हिनं बसवली." एवढंच. मी मागं शालीचा हात धरून बसल्ते, मला वाटलं चुकून ऐकलं. शालीचा पोरगा दोन घंट्यात झाला, नगरला, खाटेवर. आता बारावीला हाय.

मागच्या दोन वर्सांत जीपला खोड लागली. गार असली की पळायची. ऊन तापलं, घाट लागला की मरायची. अर्धा घंटा थांबलं की परत चालू. तुमी म्हनलात, ठिनगी पाडनारी कॉईल. तापली की मरती, थंड झाली की जगती. कॉईल बदलली. तरी मेली. पॉईंट बदललं, प्लग बदललं, कार्बोरेटर चार येळा उघडला, पंप सोडून परत बांधला, त्याच्यावर माझ्या लुगड्याची वली फडकी टाकली. तरी मेलीच. तीस वर्सं दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या केल्या, आन स्वतःची घाट चढत न्हाई. नामदेव भावजी तर पारावर सांगायचे, "दादाची जीप लई हुशार. ढकलनारं दिसलं की थांबती." मानसं हसायची. तुमाला ऐकू येत नव्हतं, पन हसताना दिसत हुतं.

मी पयल्या दिवसापासनं सांगत हुते, कॉईल न्हाई. कॉईल गेली तर इंजन फाटकन मरंल. ही फाटकन मरत न्हाई, उपाशी मरती. आधी धापा टाकती, खोकती, मग जीव सोडती. आन मरायच्या आधी आतनं एक आवाज येतो, बशीतला च्या संपत आल्यावर फुरका मारावा तसा. हिला पेट्रोल पोचत न्हाई. तुमी म्हनायचात, कॉईल. मी म्हनायची, पेट्रोल. जेवताना कॉईल, धार काढताना कॉईल. पंपापर्यंत तुमी गेलात, पंपाच्या अलीकडं कदी हात घातला न्हाईत.

तुमी जायच्या सा दिवस आधीची गोष्ट. दुपारची येळ, तुमाला खोकला, अंगात ताप, तरी बॉनेट उघडून उभं. हाक मारलीत, "शालीची आई, ये गं, ऐक." मी जवारी पाखडत हुते. मी म्हनले, "ऐकनार न्हाई. दोन वर्सं सांगतीय, तुमाला माझा कान नको, फक्त व्हय म्हननारी पायजे." तुमाला कळलं का न्हाई कोन जानं. तुमी जरा येळ माझ्याकडं बघत ऱ्हायलात. मग पेचकस दातात धरला आन एकटंच वाकलात. मी सूप हालवत ऱ्हायले. मला तुमची पाठ दिसत हुती, हनुवटीवरनं लाळ गळताना दिसत हुती. मी मनात म्हनले, शी.

शेवटची हाक ती. मग तुमी खाटेवर पडलात ते परत बॉनेटपाशी गेला न्हाईत.

तेरावा झाला तसं नामदेव भावजींनी इषय काढला. नगरला एक मानूस हाय, जुन्या मिलिटरीच्या जीपा घेतो, नीट करून मिरवतो. तो टेम्पो घेऊन येतो, उचलून नेतो, म्हनाले. मी म्हनले, द्यायची. ही घान माझ्या दारात मला नको. पन उचलून जायची न्हाई. हातपाय बांधलेल्या जनावरासारखी टेम्पोत घालून गावातनं न्हेली की पारावर सगळी म्हनतील, बघा, मिस्त्री गेला आन खोड तशीच ऱ्हायली. ती घाट चढून जाईल, स्वतःच्या चाकानं. भावजी हसले. "वैनी, दादाला जमलं न्हाई ते तुमाला जमनार?" मी म्हनले, दादाला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात शालीला जीपवर बसवलं आन अंगनातच चालू ठिवाय लावली. मी बॉनेट उघडून तुमचा तो पेचकस घेतला. मूठ पदरानं धरली, उघड्या हातानं धरवंना. टोक पंपाला लावलं, मूठ कानाला. पंप टकटक करतोय, चांगला. कार्बोरेटरला लावलं. चांगला. जीप तापली. पाऊन घंट्यानं तो फुरका आला. शाली वरनं वरडली, आई, मरतीय बघ. मी टाकीकडनं येनाऱ्या नळीवर हात ठिवला, तुमी काळ्या चिकटपट्टीनं वरपासनं खालपर्यंत गुंडाळलेली ती नळी. आन ती माझ्या बोटात चपटी झाली. धार काढून संपल्यावर गाईचा सड कसा मऊ पडतो, तशी. जीप बंद पडली. मी हात काढला न्हाई. हळूहळू, लई हळूहळू, ती परत गोल झाली. म्हनून बघाय जावं तवा चांगली दिसायची. पंपानं वढ लावली की तापलेली नळी आत बसायची, थांबलं की फुगायची.

मी लई हरखले. खोटं कशाला बोलू. तुमी जाऊन पंधरा दिवस झालं न्हाईत आन मी उन्हात उभी ऱ्हाऊन हसत हुते, की मी बरोबर हुते. पेट्रोल हुतं, कॉईल नव्हती.

मग चिकटपट्टी सोलली.

आत पिवळी नळी. फवारनीच्या पंपाची. टोकाला तार. डावीकडं पिळलेली. ह्या गावात तार डावीकडं पिळनारी मी एकटीच डावखुरी हाय. मला वाटत हुतं ती तुमी कवाच काढून फेकली. शालीच्या पोराला मिसरूड फुटलं आन ती नळी तिथंच. ज्या नळीनं जीप मारली ती माझी नळी. खोड वळखली बी मीच आन घातली बी मीच.

पान्हा घ्याय सीटखालचा डबा उघडला. त्यात कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली नवी काळी नळी. बरोबर तेवढीच कापलेली. दोन क्लिपा सोबत. पान गेल्या सालच्या आखाडाचं.

मी डबा मांडीवर घेऊन खालीच बसले. शाली इचारतीय, काय झालं, काय झालं.

तुमाला माहीत हुतं. सालभर आधी माहीत हुतं. माप घेऊन, कापून, क्लिपा आनून ठिवल्यात, आन बसवली न्हाईत. सालभर माझ्याशी कॉईल कॉईल करून भांडलात, पारावर हसं करून घेतलंत, घाटात उन्हात जीप ढकललीत, पन माझी नळी काढली न्हाईत. का मी चुकले हे मला कळू नये म्हनून? का ती एकच वस्तू ह्या जीपमधी माझी हुती म्हनून? का मी बरोबर ठरलेली तुमाला सोसली नसती म्हनून? तुमी असता तर मी परातच फेकून मारली असती. असा कसा मानूस तुमी. सगळी जीप उघडली, प्रत्येक खिळा काढून माझ्या भांड्यात धुतला, आन जे काढायचं ते सोडून. त्या दिवशी मला ऐकाय बोलवत हुता ते काय ऐकवाय? सांगनार हुता का परत कॉईलच म्हननार हुता? मी सूप खाली ठिवलं असतं तर कळलं असतं. ते आता कळायचं न्हाई. ह्याची मला माझीच किळस येती, आन ती राखुंडीनं निघत न्हाई.

नळी मी बसवली. तार न्हाई वापरली, क्लिपाच लावल्या.

परवा जीप गेली. नामदेव भावजी चालवाय, मी शेजारी. मागं त्यांनी पान्याचा कॅन ठिवला हुता. मी इचारलं कशाला, तर म्हनाले, "ढकलनाऱ्यांना पाजाय, वैनी. उन्हाचं दिस हायत." पारापुढनं गेलो, मानसं उठून बघत हुती. करंजी सोडली, घाट लागला. ऊन मी म्हनत हुतं. पयल्या वळनाला भावजींनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या वळनाला बघितलं. निम्म्यावर, जिथं नळी चिरली हुती तिथं, त्यांनी गप गियर बदलला आन नंतर माझ्याकडं बघायचं सोडून दिलं. जीप चढत हुती. धाप न्हाई, खोकला न्हाई. वर घाटमाथा आला तसं टपरीपाशी त्यांनी सवयीनं गाडी कडंला घेतली.

"वैनी," ते म्हनाले, "दादानं केली असती तर बरं झालं असतं."

"दादानंच केलीय," मी म्हनले. "नळी त्यांनी कापून ठिवल्ती."

ते च्या सांगाय उतरले. मी त्यांना म्हनले, बंद करू नका, चालू ठिवा. खाली उतरून बॉनेट उचललं. तो पेचकस जीपसोबत द्यायचा नव्हता, पिशवीत घेतला हुता. काढला. टोक इंजनाला टेकवलं आन मूठ कानाला लावनार, तेवढ्यात हात थांबला. टपरीवर मानसं बसल्ती. पदर सावरला. आन मूठ दातात धरली.

डोळं मिटलं. सगळं डोकं भरून आलं. आवाज नव्हता तो, थरथर हुती, दातातनं कवटीत, कवटीतनं छातीत. एकसारखी. कुठं खडा न्हाई, फुरका न्हाई. एवढं तुमाला ऐकू येत हुतं तर. हनुवटीवरनं लाळ गळली माझ्या, पुसली न्हाई.

मुठीला तेलाची चव हुती, तंबाखूची, आन तुमच्या थुंकीची. लई घान. तोंड भरून आलं.

थुकले न्हाई.